‘प्रॉपर’ की ‘प्रॉपर्ली’? वाचकांचे इंग्रजीचे प्रश्न

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेसेज घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त लोकांनी फिरून फिरून एकच विचारलंय, कुठे नुसतं विशेषण ठेवायचं आणि कुठे त्याला ‘ली’ जोडून क्रियाविशेषण करायचं. नाशिकमध्ये तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं त्यामुळे हा गोंधळ माझ्या फार ओळखीचा आहे, हुशार मुलंसुद्धा इथे अडखळतात आणि मग आपल्याला इंग्रजी येतच नाही असं धरून बसतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून यावेळचं अख्खं सदर याच्यावर. इंग्रजी वाक्यं नेहमीसारखी आपल्याच लिपीत लिहिलीत, मोठ्याने वाचा म्हणजे कानाला पण सवय होईल.

प्रश्न : मॅडम, मी अंबड एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. शिफ्ट संपली की रिपोर्ट इंग्रजीत मेल करावा लागतो. चार वर्षं मी ‘मशिन इज वर्किंग प्रॉपर’ असं लिहीत आलोय. परवा नव्या साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ‘प्रॉपर्ली’ पाहिजे होतं एवढं कळलं पण का ते कोणी सांगितलं नाही, आणि आता मला भीतीने प्रत्येक शब्दाला ली लावावंसं वाटतंय. (एक वाचक, अंबड)

सगळ्यांसमोर वाचून दाखवलं हे मला अजिबात पटलं नाही, बाजूला घेऊन दोन मिनिटांत सांगता आलं असतं. तुमचा रिपोर्ट चार वर्षं सगळ्यांना कळत होता हे आधी लक्षात ठेवा, चूक आहे ती छोटी आहे आणि ती नेमकी कुठून येते ते एकदा कळलं की परत होणार नाही.

ती येते आपल्या रोजच्या मराठीतून. दिवसभर आपण काय बोलतो बघा. काम प्रॉपर कर. तो रेग्युलर येतो. मला क्लिअर सांग. झाकण परफेक्ट बसलं. जरा सिरियस घे. हे सगळे शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आले पण घरात येताना चपला दाराबाहेर काढाव्यात तसा त्यांनी ‘ली’ बाहेरच ठेवला, कारण मराठीला त्याची गरजच नव्हती. आपल्याकडे ‘छान’ हा एकच शब्द दोन्ही कामं करतो, छान मुलगी पण म्हणतो आणि छान गाते पण म्हणतो, मस्त चहा आणि मस्त झोपलो, साधी साडी आणि साधं राहतो. मग आपण रिपोर्ट लिहायला बसतो तेव्हा डोक्यात ‘मशिन प्रॉपर चालू आहे’ हे मराठी वाक्य तयार असतं आणि तेच शब्द उचलून इंग्रजीत ठेवले जातात. म्हणजे तुमची चूक व्याकरण न येण्याची नाहीये, मराठीत तो शब्द बरोबरच होता, फक्त इंग्रजीत परत जाताना त्याला चपला घालायच्या राहिल्या.

आता का ते. इंग्रजी एक गोष्ट फार काटेकोरपणे विचारते, हा शब्द कुणाला चिकटलाय, वस्तूला की क्रियेला? प्रॉपर टूल म्हटलं तर प्रॉपर हा शब्द टूलला चिकटला, टूल ही वस्तू, म्हणून नुसतं प्रॉपर. वर्किंग प्रॉपर्ली म्हटलं तर तो चालण्याला चिकटला, चालणं ही क्रिया, म्हणून ली. मराठीत हे अजिबातच नाही असं नाहीये हं. ‘जोराचा पाऊस’ आणि ‘पाऊस जोरात पडतोय’ हे दोन म्हणून बघा. जोराचा हा पावसाचा, जोरात हा पडण्याचा. नुसतं ‘जोरात पाऊस’ म्हणून थांबलात तर ऐकणारा पुढच्या ‘पडतोय’ची वाट बघतो. इंग्रजीत पण अगदी तेच, हेवी रेन, आणि इट रेन्ड हेवीली. ज्या ज्या वेळी शंका येईल त्या वेळी मनात जोराचा आणि जोरात हे दोन शब्द म्हणायचे, मी वर्गात हे सांगायचे आणि मुलांच्या डोक्यात ते बसायचं.

तुमच्या रिपोर्टमधलीच वाक्यं घेऊ. ‘द सरफेस फिनिश इज स्मूद’, इथे स्मूद हा फिनिशचा गुण. ‘द स्पिंडल इज रनिंग स्मूदली’, इथे स्पिंडल कसा फिरतोय ते सांगितलं. ‘रेग्युलर चेकिंग वॉज डन’ आणि ‘द ऑइल लेव्हल वॉज चेक्ड रेग्युलरली’ दोन्ही बरोबर, कारण पहिल्यात चेकिंग हे नाम झालं आणि दुसऱ्यात ते क्रियापद आहे. आणि आता तुम्हाला प्रत्येक शब्दाला ली लावावंसं वाटतंय म्हणून मुद्दाम हे तिसरं. मोटर चालता चालता तापली असेल तर ‘द मोटर इज रनिंग हॉट’ असंच लिहायचं, हॉटली नाही. रनिंग हे क्रियापद समोर आहे तरी हॉट हा शब्द चालण्याचा नाही, मोटर तापलीय, हात लावलात तर चटका मोटरचा बसणार. शब्द शेवटी मोटरलाच चिकटला. त्यामुळे क्रियापद दिसलं की ली लावा असा नियम करून घेऊ नका, कुणाला चिकटलाय तेवढंच बघा.

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये ऑफिसचं काम बघते, सीझनला युरोपातल्या खरेदीदारांना मेल मीच करते. यावर्षी मी लिहिलं, ‘अवर ग्रेप्स टेस्ट व्हेरी स्वीटली’. समोरून उत्तर आलं त्यात त्यांनी ‘स्वीट’ लिहिलं होतं. टेस्ट हे तर क्रियापद आहे ना, मग ली का नको? (एक वाचक ताई, पिंपळगाव बसवंत)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला खूप आनंद झाला कारण तुम्ही समोरच्याच्या मेलमधला एक शब्द टिपलात आणि तो का वेगळा आहे ते विचारलंत, शिकणं यालाच म्हणतात. नियम तुम्हाला माहीत आहे आणि तो नियम तुम्ही प्रामाणिकपणे लावलात, पण क्रियापदांमध्ये एक वेगळं घराणं असतं ते शाळेत घाईघाईत होऊन जातं.

मराठीत म्हणा, आमची द्राक्षं गोड लागतात. आता यातलं ‘लागतात’ काढा आणि ‘आहेत’ घाला. आमची द्राक्षं गोड आहेत. अर्थ बदलला का? नाही. म्हणजे गोड हा शब्द द्राक्षाचाच गुण आहे, लागणं हे क्रियापद नुसतं मधे उभं राहून द्राक्ष आणि गोड यांना जोडतंय. द्राक्ष काही करत नाहीये, ते बिचारं बशीत पडलंय. मराठीत ‘द्राक्षं गोडपणे लागतात’ असं आपण कधी म्हणणार नाही, निफाड दिंडोरीच्या कुठल्याही बागेत म्हणून बघा, लोक तोंडाकडे बघतील. इंग्रजी कानाला ‘टेस्ट स्वीटली’ अगदी तसंच लागतं. तेव्हा ‘अवर ग्रेप्स टेस्ट व्हेरी स्वीट’.

आता हीच परीक्षा दुसऱ्या वाक्यावर करा. ती गोड गाते. ‘गाते’ काढून ‘आहे’ घाला, ती गोड आहे. अर्थ पार बदलला, आधी गाण्याबद्दल बोलत होतो आता मुलीबद्दल बोलायला लागलो. म्हणजे गोड हा गाण्याचा शब्द होता, इथे इंग्रजीत ली लागणार, ‘शी सिंग्ज स्वीटली’. ही ‘आहे’ची परीक्षा एवढी सोपी आहे आणि एवढी कामाची आहे की मी ती कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवायला सांगेन.

या घराण्यात कोण कोण येतं? पाच इंद्रियांची पाच आहेतच, लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, फील. शिवाय सीम, अपिअर, बिकम, रिमेन, स्टे, टर्न, गेट आणि बी म्हणजे इज-आर-वॉज. दूध नासलं, ‘द मिल्क टर्न्ड सॉर’. येवल्याची पैठणी हाताला मऊ लागली, ‘द पैठणी फील्स सॉफ्ट’. कल्पना चांगली वाटतेय, ‘द आयडिया साउंड्स गुड’.

पण यातली काही क्रियापदं दोन्हीकडे वावरतात आणि खरी गंमत तिथे आहे. समजा समोर मिसळीची प्लेट आलीय, वर तर्री तरंगतेय, शेजारी पाव आणि दही. ‘द मिसळ टेस्ट्स स्पायसी’, मिसळ तिखट आहे, विशेषण. आता तुमच्या पुण्याच्या पाहुण्याने चमच्याच्या टोकावर थोडा रस्सा घेतला, फुंकर मारली, आणि जपून जिभेला लावला. ‘ही टेस्टेड द मिसळ केअरफुली’. क्रियापद तेच, टेस्ट, पण इथे पाहुणा खरंच काहीतरी करतोय, चव घेतोय, आणि कशी घेतोय ते आपण सांगतोय. तसंच ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसत होती, आणि ‘शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट द कंडक्टर’ म्हणजे तिने कंडक्टरकडे रागाने बघितलं. दिसणं वेगळं, बघणं वेगळं, मराठीत आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत आणि इंग्रजीत एकच म्हणून तिथे सगळा भार त्या ली वर पडतो. मला हे फार आवडतं, एवढासा ली आणि अख्खा अर्थ इकडचा तिकडे करतो.

तुमच्याकडे खोके तर रोजच असतात, त्याच्यावरचं छापलेलं एकदा या नजरेने वाचा. ‘कीप ड्राय’ असतं, ‘कीप ड्रायली’ कधी नसतं, कारण खोका कोरडा राहायला हवाय, ठेवण्याची पद्धत कोरडी असावी असं कोणी म्हणत नाही. पण तेच ‘ओपन केअरफुली’, इथे खोका काही काळजीवाला नाही, उघडणाऱ्याने काळजीपूर्वक उघडायचंय. ‘फ्रेश ग्रेप्स’ लिहाल तर फ्रेश, द्राक्षाला चिकटलं. ‘फ्रेशली पॅक्ड ग्रेप्स’ लिहाल तर फ्रेशली, कारण ते पॅक करण्याला चिकटलं, आत्ताच ताजं ताजं भरलंय. मेलमध्ये हे दोन्ही शब्द तुम्हाला लागणार आहेत, जानेवारी ते एप्रिल रोज लागतील, दोन्ही बरोबर वापरा. आणि ‘व्हेरी स्वीट’मधलं व्हेरी पण क्रियाविशेषणच बरं का, ते स्वीटला चिकटलंय. क्रियाविशेषण हे विशेषणालाही चिकटतं आणि दुसऱ्या क्रियाविशेषणालाही, म्हणूनच ‘एक्स्ट्रीमली फ्रेश’ म्हणायचं, ‘एक्स्ट्रीम फ्रेश’ नाही.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिने निबंधात लिहिलं ‘आय वर्क्ड हार्डली फॉर द एक्झाम’. बाईंनी लाल गोल केला आणि अर्धा मार्क कापला. तिचं म्हणणं, क्रियेला ली लावायचा नियम बाईंनीच शिकवला. मला उत्तर देता आलं नाही. (एक आई, सिडको)

लेकीला सांगा की तिने तर्क बरोबर केला, पण भाषेत काही शब्द तर्काच्या आधीपासून राहत असतात. हार्ड हा शब्द विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही, जसाच्या तसा. ‘हार्ड वर्क’ आणि ‘आय वर्क्ड हार्ड’. ‘हार्डली’ हा वेगळाच शब्द झालाय, त्याचा अर्थ जेमतेम, जवळजवळ नाहीच. म्हणजे तिने लिहिलं त्याचा अर्थ झाला की परीक्षेसाठी मी जेमतेमच अभ्यास केला. माझ्याकडे एक मुलगी पहिल्या नोकरीचा अर्ज दाखवायला आली होती, त्यात शेवटच्या ओळीत मोठ्या उत्साहाने लिहिलेलं, ‘आय विल वर्क हार्डली फॉर युवर कंपनी’. अर्ज पाठवायचा होता त्याच संध्याकाळी. आम्ही दोघींनी पेनाने त्या दोन अक्षरांवर काट मारली आणि तिने परत अख्खा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून काढला, तेव्हापासून हा शब्द शिकवताना मी जास्त वेळ देते.

अशा जोड्या आणखी आहेत, लेकीला वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगा. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे, त्यामुळे ‘बस केम लेटली’ चूक, ‘बस केम लेट’. निअर म्हणजे जवळ, निअरली म्हणजे जवळजवळ, ‘ही निअरली फेल’ म्हणजे पडता पडता वाचला. हाय म्हणजे उंच, संक्रांतीला येवल्यात पतंग ‘हाय’ उडतो, आणि हायली म्हणजे खूपच, मनाच्या पातळीवरचं, ‘शी इज हायली रिस्पेक्टेड’. शॉर्ट म्हणजे आखूड, शॉर्टली म्हणजे थोड्याच वेळात, नाशिक रोड स्टेशनवर उभं राहिलं की गाडी ‘शॉर्टली’ येणार हे कानावर पडतंच. फास्टला मात्र जोडीदारच नाही, फास्टली हा शब्द आजच्या इंग्रजीत नाही, तो मनातून काढून टाकायचा.

प्रश्न : कसारा घाटात ‘गो स्लो’ अशी पाटी असते. ‘गो स्लोली’ पाहिजे ना? सरकारी पाटीवर चुकीचं इंग्रजी कसं काय? (एक वाचक, इगतपुरी)

पाटी चुकीची नाहीये. स्लो हा शब्द इंग्रजीत शेकडो वर्षं क्रियाविशेषण म्हणून पण वापरात आहे, आणि याच्यामागे एक छान इतिहास आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खूप जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या, विशेषणाचं क्रियाविशेषण करायला शेवटी एक छोटासा ‘ए’चा उच्चार जोडायचे. पुढे काही शतकांत शब्दांच्या शेवटचे हे उच्चार झिजून गेले, आपल्याकडे नाही का बोलताना शब्दांची शेपटं गळतात, तसंच. मग विशेषण आणि क्रियाविशेषण दिसायला एकसारखी झाली, फास्ट फास्टच राहिला, हार्ड हार्डच राहिला, आणि स्लो पण त्यातलाच. दुसऱ्या बाजूला ‘ली’वाले शब्द वाढत गेले. हा ली मुळात जुन्या इंग्रजीतल्या ‘लीच’ या शब्दातून आलाय, त्याचा अर्थ देह, रूप. ‘सारखा’ या अर्थाचा लाइक पण त्याच कुळातला. मग अठराव्या शतकात व्याकरण लिहिणाऱ्यांनी शिस्त लावायला घेतली, रॉबर्ट लाउथ नावाचे एक पाद्री होते, पुढे ते लंडनचे बिशप झाले, त्यांचं 1762 सालचं इंग्रजी व्याकरण फार चाललं आणि त्यात विशेषणं क्रियाविशेषणांच्या जागी वापरणं अयोग्य ठरवलेलं आहे. शाळांनी ते उचललं आणि ली नसेल तर चूक असं सगळ्यांच्या मनात बसलं. पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी मात्र स्लो टिकून राहिला.

व्यवहारात एवढं करा. गो, ड्राइव्ह, वॉक असल्या चालण्याच्या क्रियापदांमागे आणि छोट्या सूचनेत स्लो चालतं. क्रियापदाच्या आधी ठेवायचं असेल तर स्लोलीच, ‘ही स्लोली ओपन्ड द डोअर’. परीक्षेत आणि ऑफिसच्या पत्रात स्लोली लिहा, तिथे वाद नको. आणि घाटात वळणावर धुकं उतरलेलं असताना पाटीवर दोन अक्षरं कमी असली की ती लवकर वाचून होते हे पण महत्त्वाचंच आहे. अ‍ॅपल कंपनीने 1997 मध्ये ‘थिंक डिफरंट’ अशी जाहिरात आणली तेव्हा हाच वाद झाला, डिफरंटली का नाही म्हणून. तो वाद अजून संपलेला नाही, मुलांनी मात्र निबंधात डिफरंटलीच लिहावं असं माझं मत आहे.

प्रश्न : ‘ही टॉक्ड टू मी फ्रेंडली’ बरोबर का? (एक विद्यार्थिनी, मखमलाबाद)

नाही. ली दिसला म्हणून फसायचं नाही, फ्रेंडली हे विशेषण आहे. वर सांगितलं ना की ली म्हणजे मुळात रूप, तर फ्रेंडली म्हणजे मित्ररूप, मित्रासारखा. नामाला ली लागला की बहुतेक वेळा विशेषण होतं, फ्रेंडली, कॉस्टली, कॉवर्डली, आणि विशेषणाला ली लागला की क्रियाविशेषण होतं, क्विकली, सॅडली. लव्हली, लोनली, सिली, अग्ली ही पण विशेषणंच. यांना परत ली लावता येत नाही म्हणून वाक्य थोडं वळवून घ्यायचं, ‘ही टॉक्ड टू मी इन अ फ्रेंडली वे’. डेली, वीकली, मंथली ही दोन्हीकडे चालतात, डेली पेपर पण आणि पेपर डेली येतो पण.

प्रश्न : मी निवृत्त आहे, वय 74. आमच्या वेळी ‘हाउ आर यू’ विचारलं की ‘आय अ‍ॅम वेल’ म्हणायला शिकवलं. अमेरिकेतला नातू फोनवर ‘आय अ‍ॅम गुड’ म्हणतो. मी त्याला टोकतो, तो म्हणतो आजोबा सगळे असंच बोलतात. (एक आजोबा, गंगापूर रोड)

आजोबा, तुम्ही दोघंही बरोबर आहात. वेल हा तसा गुडचा क्रियाविशेषण, ‘शी कुक्स वेल’, पण तब्येतीबद्दल बोलताना वेल हे विशेषणच असतं, म्हणजे बरा, ठणठणीत. म्हणून ‘आय अ‍ॅम वेल’ अगदी शुद्ध आणि आजही चालतं. नातू ‘आय अ‍ॅम गुड’ म्हणतो त्यात इजच्या घराण्यातलं क्रियापद आहे, पुढे विशेषण आलं, व्याकरणाला काही हरकत नाही, अनौपचारिक बोलणं आहे एवढंच. टोकायचंच असेल तर तो ‘आय प्लेड गुड’ म्हणेल तेव्हा टोका, तिथे वेल पाहिजे.

याच ओघात एक सांगते, कोणाकडे दुःखद घटना घडली की लोक ‘आय फील बॅडली’ लिहितात, जास्त शुद्ध वाटतं म्हणून. मनाला वाईट वाटणं हे फीलच्या घराण्यातलं आहे, म्हणून ‘आय फील बॅड’. अशा प्रसंगी माणसाने शब्द शोधत बसू नये, मनापासून जे येईल ते लिहावं, पण विचारलंच तर बॅड.

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतोय. इंग्रजीत ‘शी प्लेज गुड’ ही चूक माझी हमखास होते, आणि मराठी व्याकरणात ‘ती चांगली खेळते’ यातला ‘चांगली’ क्रियाविशेषण आहे पण अव्यय नाही असं वाचलं. दोन्हीकडे गोंधळ आहे. (एक विद्यार्थी, पंचवटी)

तुमचे दोन्ही गोंधळ मुळात एकच आहेत, आणि हा प्रश्न मला या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा वाटला.

म्हणून बघा, तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, ते चांगले खेळतात. ‘चांगला’ हा शब्द खेळण्याबद्दल सांगतोय, काम क्रियाविशेषणाचंच करतोय. पण त्याचं शेपूट कुणाप्रमाणे बदलतंय? खेळणाऱ्याप्रमाणे. तो असेल तर चांगला, ती असेल तर चांगली. म्हणजे काम क्रियेचं आणि कपडे कर्त्याचे. अव्यय म्हणजे जे बदलत नाही, हा बदलतोय, म्हणून क्रियाविशेषण आहे पण अव्यय नाही. याउलट तो हळू चालतो, ती हळू चालते, ते हळू चालतात, हळू काही केल्या बदलत नाही, ते क्रियाविशेषण अव्यय. परीक्षेत एवढं लिहिलंत तरी पुरे.

आता इंग्रजीकडे या. लहानपणापासून आपल्या कानाला सवय आहे की कसं खेळते सांगणारा शब्द खेळणाऱ्याचे कपडे घालून येतो. त्यामुळे ‘शी प्लेज’ म्हटलं की मन आपोआप ती-चांगली अशी जोडी लावतं आणि गुड बाहेर पडतं. इंग्रजीत क्रियाविशेषण कधीच कर्त्याकडे बघत नाही, ही, शी, दे, कोणीही असो, ‘वेल’च. चूक होते तेव्हा मनात ‘चांगली’च्या जागी ‘चांगल्या प्रकारे’ घालून बघा. ती चांगल्या प्रकारे खेळते, बसतंय, मग वेल. ती चांगल्या प्रकारे मुलगी आहे, बसत नाही, मग गुड. आपल्याकडच्या शब्दांच्या शेवटी ‘पणे’, ‘पूर्वक’, ‘ने’, ‘त’ आलं की इंग्रजीत तिथे बहुतेक वेळा ली येतोच, शांतपणे क्वाएटली, काळजीपूर्वक केअरफुली, आनंदाने हॅपिली, जोरात लाउडली. वर्गात आम्ही ‘कीप क्वाएट’ म्हणायचो ते शांत राहा, आणि ‘स्पीक क्वाएटली’ म्हणायचो ते हळू आवाजात बोला, दोन्ही एकाच तासात मुलांना ऐकू यायचं. सीबीएसवर बसची वाट बघताना कानावर पडणाऱ्या मराठी वाक्यांवर हा सराव करता येतो, वही लागत नाही.

तुलना करताना एक लक्षात ठेवा, फास्ट, हार्ड, अर्ली यांना सरळ ‘अर’ लागतो, फास्टर, हार्डर, अर्लिअर, पण लीवाल्यांना बहुतेक मोअर लावायचं, मोअर केअरफुली, मोअर क्लिअरली. मोअर फास्टर असं दोन्ही कधीच नाही.

प्रश्न : मुलगा पुण्याला होस्टेलवर गेला, पोचल्यावर मेसेज केला ‘रीच्ड सेफ’. सेफली पाहिजे का? (एक वडील, नाशिक रोड)

दोन्ही बरोबर. ‘आहे’ची परीक्षा लावा, पोचला आणि तो सेफ आहे, म्हणून सेफ. प्रवास नीट पार पडला असं म्हणायचं असेल तर सेफली. आपल्याकडे याला किती सुंदर शब्द आहे, सुखरूप. त्यात रूप हा शब्द तर उघड दिसतोय, आणि इंग्रजी ‘ली’चा मूळ अर्थ पण रूपच. मुलाच्या मेसेजला काही सुधारू नका हो, तो सुखरूप पोचला याचा आनंद झाला एवढंच त्याला लिहून कळवा.